रेडिओआयोडीन घेतलेल्या सासूबाई आणि घरातली गरोदर जाऊ : किती अंतर, किती दिवस?

फोंड्याहून, एक सून

सासूबाईंच्या थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया जूनमध्ये झाली. मागे राहिलेल्या पेशींसाठी त्यांना काल रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, दिले असून त्या इस्पितळाच्या वेगळ्या खोलीत आहेत आणि परवा घरी येतील. घरात माझी जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे, आणि माझ्या तीन वर्षांच्या मुलाला आजीच्या कुशीशिवाय झोप येत नाही. चवथ पंधरा दिवसांवर आली आहे. नेवऱ्यांचे सारण आजवर त्यांच्याच हातचे. शेजारच्या काकी म्हणतात, की एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्याही जवळ फिरकू नये. त्यात जाऊबाईंचा, दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वी, छातीचा एक्स-रे झालेला आहे. नेमके किती घाबरायचे, हे कोणी समजावून सांगेल का?

म्हापशाहून, निवृत्त रेडिओलॉजी तंत्रज्ञ

ताई, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स-रेच्या यंत्राचे बटण सोडले की किरण संपतात. शरीरात काही उरत नाही, म्हणून त्या माणसापासून कोणालाही धोका नसतो. जाऊबाईंच्या छातीच्या एक्स-रेत गर्भाला मिळालेली मात्रा ०.०१ मिलिग्रेपेक्षाही (मिलिग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) कमी असते, आणि गर्भात व्यंग येण्याची चिंता साधारण १०० मिलिग्रेच्या पुढे सुरू होते. ती धास्ती त्यांनी आजच सोडावी.

सासूबाईंचे तसे नाही, कारण किरण देणारा पदार्थच त्यांच्या पोटात गेला आहे. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. आधी मासळी आणि आयोडीनयुक्त मीठ बंद करायला लावले असेल, ते पेशींची ही भूक वाढवण्यासाठीच. या रेडिओआयोडीनचे, म्हणजे आयोडीन-१३१ चे, बीटा किरण दोन-तीन मिलिमीटरमध्येच थांबून त्या पेशी मारतात, पण त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर पडतात. आठ दिवसांत हे आयोडीन निम्मे होते, सोळा दिवसांत पाव उरते. शिवाय बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातो, म्हणूनच त्यांना तिथे ठेवले आहे. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की मात्रा चौथ्या हिश्शावर येते. तीस वर्षे छातीला किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला लावून मी काम केले आणि दर तीन महिन्यांनी त्याची नोंद पाहिली. अंतर आणि वेळ या दोन गोष्टींनीच आम्हाला सांभाळले.

खरी काळजी आहे ती त्यांची लाळ, घाम आणि लघवी यांतून आयोडीन दुसऱ्याच्या पोटात जाण्याची. गर्भाची थायरॉइड बाराव्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन घेऊ लागते, त्यामुळे जाऊबाईंनी त्यांचे उष्टे, टॉवेल आणि शक्यतो न्हाणीघरही वापरू नये. मुलाला कुशीत घेण्याची तारीख मात्र डोसवर ठरते; ती घरी सोडतानाच्या कागदावर लिहून घ्या आणि एक दिवसही अलीकडे आणू नका.

डिचोलीहून

माझ्या वडिलांना हाच उपचार झाला. आम्ही शौचालयात दोनदा पाणी सोडत होतो आणि त्यांचे कपडे वेगळे धूत होतो. तिथे काही चुकले नाही. चुकलो ते दुसरीकडे. आठवडाभर मागच्या खोलीच्या दारात ताट ठेवून आम्ही पाठ फिरवत होतो, जणू घरात विटाळ होता. चौथ्या दिवशी त्यांनी पेज तशीच ठेवली, आणि ताट उचलताना मला दिसले, की वर साय धरून ती गार झाली होती. दोन मीटरवर खुर्ची टाकून अर्धा तास बोलायला आम्हा मोठ्यांना काहीच हरकत नव्हती, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितले. ताई, तुम्ही ती खुर्ची पहिल्याच दिवशी टाका.

काणकोणहून

आमच्या दक्षिणेला, कारवारपलीकडे, कैगा अणुवीजकेंद्र आहे आणि तिथल्या अपघातावर आयोडीनच्या गोळ्या हा उपाय म्हणून सांगतात. ते हेच आयोडीन का?

म्हापशाहून, निवृत्त रेडिओलॉजी तंत्रज्ञ

गोळीतले आयोडीन साधे, किरण न देणारे असते. ते आधीच भरले की थायरॉइड किरणोत्सारी आयोडीन फारसे घेत नाही. १९८६ साली चेर्नोबिलनंतर दूषित दूध प्यालेल्या कित्येक मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला, तो आयोडीन-१३१ मुळेच. पण प्रशासनाने सांगितल्याशिवाय ती गोळी घेऊ नये, आणि इतर किरणोत्सारी पदार्थांवर तिचा उपयोग नाही.

फोंड्याहून, एक सून

आपणा सर्वांची ऋणी आहे. सोप्यावर फूटपट्टीने दोन मीटर मोजून खडूची रेघ मारली आहे. पलीकडे सासूबाईंची खुर्ची. मुलाला मात्र या दिवसांत त्याच्या मामाकडे पाठवते. त्यांच्या ताटवाट्या नंतर टाकून द्यायच्या का?

म्हापशाहून, निवृत्त रेडिओलॉजी तंत्रज्ञ

नाही. त्या दिवसांत वेगळ्या ठेवून भरपूर पाण्याने घासा, पुढे सगळ्यांनी वापराव्यात. सारणाचे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तोवर त्यांनी खुर्चीवरून प्रमाण सांगावे आणि खोबरे तुम्ही परतावे.