वाफाऱ्याच्या यंत्राला सिरॅमिकचे सोवळे

जुना भट्टीवाला:
परवा ‘चाकावरची’ यांनी येथे आपल्या नव्या यंत्राचे रेखाचित्र टाकले. ओवा, तुळस, निलगिरीची पाने असे काही वाटीत घालायचे, बाहेरून बसवलेल्या हीटरने वाटी १८० अंशांपर्यंत तापवायची आणि नळीतून येणारी गरम हवा ओढायची, अशी ती योजना आहे. निखारा नाही, धूर नाही, राख नाही. इथवर माझी काही तक्रार नव्हती. परंतु शेवटी त्यांनी लिहिले की, ‘हे सगळे सिरॅमिकचे आहे, म्हणजे शेवटी मातीच, त्यामुळे यात अपायकारक असे काही असूच शकत नाही’, आणि त्या एका वाक्यावर साठेक जणांनी अंगठे उंचावले. विजेच्या खांबावरचे चिनीमातीचे इन्सुलेटर बनवण्यात माझी ३१ वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर लांबेल.

माती हा एक पदार्थ नव्हे. धारावीच्या कुंभारवाड्यातले लाल मडके, कपबशी, अॅल्युमिनाची नळी आणि झिर्कोनियाचा तुकडा ही सगळी सिरॅमिकच आहेत, पण अॅल्युमिना ज्या सहजतेने उष्णता वाहून नेते, त्याच्या दहाव्या हिश्शानेही झिर्कोनिया नेत नाही. तुम्ही यांपैकी काय वापरणार आहात, हे रेखाचित्रात कोठेही लिहिलेले नाही. लाल माती सच्छिद्र असते, पावसाळ्यात ती मुंबईची हवा पिऊन बसते, आणि तशीच भराभर तापवली की तडकते; म्हणून तुम्ही तिला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, द्याल. कमी आचेवर वितळणाऱ्या ग्लेझमध्ये शिसे घालण्याची चाल जुनी आहे आणि झगझगीत लाल-केशरी रंगांत कॅडमियम असते. १८० अंशांना शिसे वाफ होऊन उडत नाही, हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे कोणी ते मला शिकवायला येणार नाही. परंतु रोज तापून रोज निवणाऱ्या भांड्याचे ग्लेझ अंगाशी, म्हणजे त्याखालच्या मातीशी, जुळलेले नसेल, तर त्यावर बारीक तड्यांची जाळी धरते, मग कपची निघते, आणि येथे ती कपची ज्या वाटेवर पडते ती वाट थेट फुफ्फुसात जाते.

आणखी एक गोष्ट. जास्त भाजलेल्या अंगात सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याचे, क्रिस्टोबलाइट नावाचे स्फटिक होते, आणि ते २२६ अंशांच्या आसपास एकाएकी आकार बदलते. आमच्याकडे यामुळे भट्टी उघडल्यावर माल हातात दुभंगत असे. तुमचे १८० अंश वाटीच्या आतले आहेत. हीटर जेथे टेकतो तेथे किती, ते मोजले आहे का?

चाकावरची:
काका, ‘असूच शकत नाही’ हे माझे वाक्य सैल होते आणि ते मी मागे घेते. मात्र साठ अंगठ्यांचा राग माझ्या रेखाचित्रावर निघाला आहे, असे मला वाटते. वाटी स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर घट्ट भाजलेल्या मातीची, आहे, आतून ग्लेझ नाही आणि हीटरची तार हवेच्या वाटेत येतच नाही. बाजारातल्या स्वस्त यंत्रांत निकेल-क्रोमची तार हवेच्या वाटेतच लाल होते. ती टाळण्यासाठीच मी सिरॅमिककडे वळले; ‘नैसर्गिक’ म्हणवून घ्यावे म्हणून नव्हे.

जाड वाटी का, तेही सांगते. ६० ग्रॅमची वाटी ३० अंशांवरून १८० अंशांवर न्यायला सुमारे ७,६५० ज्यूल लागतात, म्हणजे ३० वॉटच्या हीटरने, गळती सोडून, सव्वाचार मिनिटे. एक लिटरचा श्वास तितकाच तापवायला मात्र अवघे १८० ज्यूल पुरतात. म्हणजे एका श्वासाने वाटी साडेतीन अंशच उतरते. पातळ धातूच्या वाटीत प्रत्येक झुरक्याला तापमान कोसळते आणि मग हीटर पिसाळल्यासारखा चढतो. १८० हा आकडाही मी पंचांग पाहून काढलेला नाही. निलगिरीच्या तेलातले मुख्य द्रव्य सिनिओल, ते १७६ अंशांना उकळते. धारावीत ज्या कारागिराकडे नमुना नेला होता, ते मात्र हसून म्हणाले की, ही तर शेपूट लावलेली चिलीमच झाली.

लोहार चाळ:
ताई, हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. जी जाडी श्वासागणिक तापमान सांभाळते, तीच हीटर बंद केल्यावर ऐकत नाही. स्टोनवेअर उष्णता सावकाश वाहते. तुमचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, आत बसला आहे, त्यामुळे आत १८० दिसेपर्यंत कंट्रोलर बाहेरून आग ओतत राहतो. बाहेरची भिंत तेव्हा २४० वर असली तरी मला नवल वाटणार नाही. आतला आकडा मग १८० वर थांबतही नाही, २०० पार करून परत येतो. भट्टीवाल्यांचा २२६ चा मुद्दा तेथेच लागू पडतो. एक थर्मोकपल हीटरपाशी आणि एक आत, असे दोन लावा. खर्च वाढेल, पण वाटी वाचेल. आणि सांधा कशाने जोडला आहे? इपॉक्सी, म्हणजे तापल्यावर बिघडणारा रासायनिक गोंद, असेल, तर चर्चा येथेच संपवू.

चाकावरची:
सांधा घासून बसवलेला आहे. नमुन्यात थोडे इपॉक्सी होते.

जुना भट्टीवाला:
‘थोडे’ इपॉक्सी! आणि वर सोवळ्याची भाषा!

लालबागची आजी:
तुमच्या अंशांतले मला कळत नाही, पण हे यंत्र मला हवे आहे, म्हणून लिहिते. १९७८ साली चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर माझे पहिले बाळंतपण झाले. बाजेखाली शेगडी असे, आणि रोज संध्याकाळी निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग आणि लसणीची साले टाकून मला आणि बाळाला धुरी मिळे. गेल्या वर्षी सून बाळंत झाली तेव्हा आम्ही त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर होतो. मी मातीच्या पसरट परळात चिमूटभर ओवा टाकला, तर छतावरचे ते यंत्र बोंबलू लागले, वॉचमन धावत वर आला, आणि सोसायटीने दुसऱ्या दिवशी लेखी समज दिली. धूर न होता धुरी मिळणार असेल, तर या मुलीला का छळता?

ओपीडी नऊ ते दोन:
आजी, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की, नवजात बाळाला धुरीही नको आणि हे यंत्रही नको. बाळाच्या श्वासनळ्या इतक्या अरुंद असतात की, तीव्र वासानेही त्या आवळतात. कापूर तर घरात बाळाच्या हाताला लागेल असाही ठेवू नये. पोटात गेला, तर थोड्या प्रमाणातही झटके येतात. राहिली मोठ्यांची गोष्ट. सर्दीवर गरम दमट हवा देण्याच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने एकत्रित आढावा घेतला, त्यात ठाम फायदा दिसला नाही. तोटा मात्र मी डोळ्यांनी पाहिला आहे. २०२१ मध्ये, घरोघरी दिवसातून चार वेळा वाफ घेण्याची लाट आली होती तेव्हा, पातेले मांडीवर उलटून भाजलेली माणसे मी पाहिली आणि त्यांत एक सात वर्षांची मुलगी होती. ती खोकल्यासाठी आली नव्हती; तिच्या आईला भीती वाटत होती, इतकेच.

लालबागची आजी:
माझी तीन मुले आणि पाच नातवंडे या धुरीत वाढली. कोणाला काही झाले नाही. तुमच्या आढाव्यात लालबागचे कोणी होते का?

ओपीडी नऊ ते दोन:
नव्हते. मीही धुरीत वाढलो, आणि मला दमा आहे. धुरीमुळेच झाला असे मी म्हणणार नाही, कारण ते सिद्ध करता येत नाही. मग धुरीमुळे आपली आठही जणे ठणठणीत राहिली, असे आपणही म्हणू नये.

लालबागची आजी:
डॉक्टर, तुमच्या आईने तुम्हाला धुरी दिली नसती, तर आज तुम्ही एवढे बोलायलाही नसता.

लोहार चाळ:
भांडण विस्तवावर आले आहे, तर एक गोष्ट नोंदवतो. पातेल्यातली वाफ भाजते, कारण पाण्याच्या वाफेचे कातडीवर पाणी होताना दर ग्रॅमला २,२०० हून अधिक ज्यूल सुटतात. कोरड्या गरम हवेत तेवढा साठाच नसतो. लिटरभर हवेत एकूण १८० ज्यूल, हे ताईंनी दिलेच आहे. म्हणून पातेल्याच्या अपघातांची शिक्षा या वाटीला देता येत नाही. पाणीच नाही, तर उलटणार काय?

ओपीडी नऊ ते दोन:
मान्य. आनंदाने नव्हे, पण मान्य. तरीही वाटीत काय जाणार, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत २०१९-२० मध्ये ई-सिगारेटसारख्या उपकरणांतून वाफ ओढणाऱ्यांत फुफ्फुसे निकामी होण्याची जी साथ आली, तिच्यात २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशयित ठरला तो ई जीवनसत्त्वाचा अॅसिटेट. तोच पदार्थ मलमात चालतो, गोळीतही चालतो, आणि तापवून ओढला की जीव घेतो. भांडे कशाचे, यावर आपण येथे दोन दिवस घालवत आहोत. उद्या कोणी त्यात पानांऐवजी बाजारातले तेल ओतेल, तेव्हा ग्लेझला विचारणार कोण?

कलम तीन:
सर्वांनी भट्टी, ओवा आणि फुफ्फुसे यांचा परामर्श घेतला, परंतु २०१९ चा इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा कोणीही उघडलेला दिसत नाही. त्यातील व्याख्येचा आशय असा की, श्वासावाटे घेण्याचा एरोसॉल (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) तयार करण्यासाठी पदार्थ तापवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग त्यात निकोटिन असो वा नसो, आणि त्याचे नाव, आकार, रूप काहीही असो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने तेवढी वगळली आहेत. निर्मिती, विक्री आणि जाहिरातही निषिद्ध आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘ओवा आहे हो’ हा बचाव त्या शब्दांत मला तरी सापडत नाही.

लोहार चाळ:
मग प्लगात खोचायची कापूरदाणी गुन्हा, आणि डास पळवणारी बाटलीही गुन्हा? माझे अर्धे दुकान तुरुंगात जाईल.

कलम तीन:
आपले दुकान सुरक्षित आहे. त्या वस्तू खोलीसाठी आहेत. त्यांना ओढण्याची नळी नसते. येथे नळी आहे, आणि चित्रात ती तोंडात धरलेली दाखवली आहे. न्यायाधीशांपुढे तेवढे चित्र पुरेल.

चाकावरची:
म्हणजे बाळाच्या बाजेखाली उघडा निखारा कायदेशीर आहे, आणि तापमान मोजणारी वाटी बेकायदेशीर!

कलम तीन:
निखारा इलेक्ट्रॉनिक नसतो. कायदा मी केलेला नाही.

पोथीवाला:
मला एका गोष्टीचे आश्चर्य वाटते की, नळीचा विषय निघूनही चरकाचे नाव कोणी काढले नाही. त्याच्या संहितेतल्या सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात धूमपानाच्या नळीची लांबी प्रकारानुसार ३६, ३२ आणि २४ अंगुळे दिली आहे. नळी सरळ, तीन ठिकाणी फुगीर आणि टोकाचे भोक बोराच्या बीएवढे. कारणही तेथेच आहे की, दुरून आलेला, पेऱ्यांवर अडलेला आणि नळीत विरळ झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही. आमच्याकडे हे सगळे आधीच होते.

ओपीडी नऊ ते दोन:
‘आधीच होते’ आले! आता विमानही येईल.

जुना भट्टीवाला:
डॉक्टर, थांबा. विमान येईल तेव्हा आपण दोघे मिळून पाडू. पण नळीचे म्हणणे खरे आहे. तो धूर होता आणि ही वाफ आहे, हा फरक मला कळतो. तरी आकडा पाहा. २४ अंगुळे म्हणजे हातभर लांबी, आणि या मुलीच्या चित्रात नळी सहा सेंटिमीटर आहे. फुगीर जागी हवा मंदावते आणि जड कण भिंतीला चिकटून मागे राहतात. कपचीसुद्धा तेथेच अडकेल. या सबंध चर्चेत रचनेविषयी निघालेली सर्वांत शहाणी सूचना पोथीतून यावी, याचे मला दुःख आहे, पण ती आली आहे.

चाकावरची:
नळी लांब करते आणि तीन गाठीही घालते. इपॉक्सी गेले. हीटरपाशी दुसरा थर्मोकपल येईल. कायद्याचे वाचल्यावर विक्रीचा विचार मी सोडला आहे. हे आता माझ्या अभ्यासातले मातीचे काम म्हणूनच राहील. आजींना यंत्र देऊ शकणार नाही, याचे वाईट वाटते. काका, तुमच्या २२६ अंशांवर मात्र माझा अजून पूर्ण विश्वास नाही. माझी वाटी १२२० अंशांना भाजलेली आहे. तिच्यात क्रिस्टोबलाइट फारसे नसावे.

जुना भट्टीवाला:
‘नसावे’ यावर इन्सुलेटर खांबावर चढत नाही. दोन वाट्या पाठवा. एक मी वीस वेळा २५० अंशांपर्यंत तापवून गार पाण्यात बुडवीन. दुसरी फोडून तिच्या खापऱ्या फ्युक्सिनच्या लाल रंगात दाबाखाली ठेवीन. रंग आत शिरला, तर तुमचे बिनग्लेझचे अंग ओव्याचे तेलही पिणार आणि महिन्याभरात खवट वास मारणार. न शिरला, तर तसे येथे माझ्या हाताने लिहीन. वाट्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळा. मागच्या वेळी एकाने पाठवलेला नमुना पोचण्याआधीच कसोटी देऊन बसला होता.

लालबागची आजी:
तीन पाठव गं. तिसरीत मी पणती लावीन.