माकडतापाची यादी परदेशात पाठवायचीय, नाव उडवलं की झालं का?

काजूबाग_दोडामार्ग:
मंडळी जरा सांगा. मी एका आरोग्य केंद्रात डेटा एन्ट्री बघतो. आमच्याकडे 2016 पासून माकडताप आहे, काजूच्या सीझनला लोक बागेत जातात, गोचीड चावते आणि मग तापाचे पेशंट. आता एका परदेशी विद्यापीठातल्या मॅडमचा मेल आलाय, चार वर्षांची यादी द्या म्हणतायत, कर्नाटकच्या केसेसशी जुळवून बघणार. एक्सेलमध्ये नाव, वाडी, वय, तारीख, मोबाईल सगळं आहे. नावाचा कॉलम उडवून मेलला जोडू ना? साहेब म्हणाले चांगलं काम आहे, पाठव.

लॅबवाला_रत्नागिरी:
थांब रे बाबा! नाव गेलं तरी अमुक वाडी, 62 वर्षांची बाई, फेब्रुवारीत ॲडमिट, एवढ्यावरून अख्खा गाव सांगेल ही कुणाची आवस ती. वाड्या केवढ्या आपल्या, दहा-बारा घरं. वाडीऐवजी तालुका टाक, वयाचे गट कर, तारखेच्या जागी आठवडा, आणि तक्त्यात कुठे दोन-तीनच पेशंट असतील तर नुसतं ‘5 हून कमी’ लिही. मोबाईल तर हॅश करून (म्हणजे सूत्राने सांकेतिक अक्षरांत बदलून) पण देऊ नको, दहा आकडी नंबर सगळे चालवून बघायला कॉम्प्युटरला कितीसा वेळ लागतो.

खाडीकाठ:
त्याआधी परवानगी. परदेशी संस्थेबरोबर संशोधन म्हणजे एथिक्स कमिटी, शिवाय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची स्क्रीनिंग कमिटी, ते कागद आयसीएमआरकडून (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जातात. साहेबांचं तोंडी ‘पाठव’ उद्या तुझ्याच गळ्यात येईल. फाईल गेलीच तर एन्क्रिप्ट करून, पासवर्ड फोनवर सांगायचा, त्याच मेलमध्ये नाही (हे मी स्वतः केलंय एकदा, हसू नका).

काजूबाग_दोडामार्ग:
बापरे. मग साथ आली तर जगाला कळतं कसं, तेव्हा पण एवढे कागद?

खाडीकाठ:
नाही, तो रस्ताच वेगळा. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम 2005 मध्ये 196 देश आहेत, आंतरराष्ट्रीय धोक्याची घटना वाटली तर तसं ठरल्यापासून 24 तासांत डब्ल्यूएचओला कळवायचं, आपल्याकडून दिल्लीचं एनसीडीसी (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) कळवतं. तुझ्या हातात काय, तर आयएचआयपीवर (सरकारचं रोगांच्या नोंदीचं पोर्टल) केस वेळेत भरणं. तू सोमवारची गुरुवारी भरलीस तर वरचे 24 तास काय कामाचे.

लॅबवाला_रत्नागिरी:
आणि जगाला दिलेलं सगळं उघड्यावर पडलेलं असतं असं पण नाही हां. फ्लू-कोविडच्या विषाणूंचे जीनोम (जनुकीय आराखडे) जीआयसेड या आंतरराष्ट्रीय डेटाबेसवर असतात ना, तिथे खरी ओळख देऊन अटी मान्य केल्याशिवाय लॉगिनच मिळत नाही.

काजूबाग_दोडामार्ग:
मेल ड्राफ्टमध्ये तयार होता, उडवला. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संध्याकाळी नावासकट यादी फिरते तिचं काय करू?

लॅबवाला_रत्नागिरी:
ते विचारू नको, आमच्याकडे तर फोटो काढून टाकतात रजिस्टरचा 🙏