वाडी विकून बांधलेला बंगला म्हणजे देवाचा आशीर्वाद?

गिरीजकर
वसईतल्या आमच्या चर्चच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ग्रुपवर परवा एकाने नव्या तीन मजली बंगल्याचा फोटो टाकला. दारात दोन गाड्या, आशीर्वाद द्यायला आलेले फादर, आणि खाली ओळ: विश्वास असला की प्रभू भरभरून देतो, ज्यांना मिळालं नाही त्यांनी आपला विश्वास तपासावा. दोन दिवस ही ओळ डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

बंगल्याचा पैसा कुठून आला ते अख्ख्या गावाला माहीत आहे. आजोबांची केळीची वाडी बिल्डरकडे गेली. जमीन तुमची, विका. पण त्याचं श्रेय प्रभूला देऊन बाकीच्यांचा विश्वास मोजू नका. बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायात कसर आणि जंग लागणारी संपत्ती साठवू नका असं लिहिलंय, ते दरवर्षी प्रवचनात ऐकतोच की आपण.

आमच्या घरी पानवेल होती, सुकेळी वाळत घालायचो. पैसा बेताचाच. पण संध्याकाळी दिवा लागला की सगळे ओट्यावर जपमाळेला. भांडण असलं तरी तिथे शेजारी बसावंच लागायचं. आता प्रत्येकाला खोली आहे आणि जपमाळ खिळ्याला टांगलेली आहे.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापारात चांगला स्थिरावला होता. ते सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर गेला. आपण त्याचा सण करतो, मिरवणूक काढतो. त्याने काय सोडलं, हे कोणी बोलत नाही.

आगाशीचा शेतकरी
मी १२ गुंठे विकले. कोणाला विचारून नाही आणि लाज वाटून तर अजिबात नाही. वाड्या आणि पाणी वाचवायला निघालेल्या हरित वसईच्या मोर्च्यांत फादर दिब्रिटोंच्या मागे मीही चाललोय. पण टँकरवाल्यांनी वर्षानुवर्षं पाणी उपसलं, विहिरीला खार लागला, केळीची पानं कडेने करपायला लागली. मजूर मिळेना. त्यात वडिलांचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा. ते जपमाळेवर झालं नसतं.

गोन्सालोचं म्हणाल तर त्याला ना बायको ना पोरं. प्रभू स्वतःच म्हणतो की माझ्यापेक्षा आईबापावर जास्त प्रेम करणारा मला योग्य नाही. म्हणजे विश्वास आणि कुटुंब ही जोडी तुम्ही समजता तितकी सोपी नाही. मी कुटुंब निवडलं, आणि त्याला पैसा लागला.

नगरवाला
तुम्हा वसईकरांचं बोलणं ऐकलं की वाटतं, साधं राहायलासुद्धा आधी जमीन लागते. आमच्या पणजोबांकडे विकायला काही नव्हतंच. मिशनच्या शाळेने आजीला अक्षर दिलं, ती नर्स झाली, तिच्या पगारावर चार भावंडं शिकली. आम्हाला पैसा देवाच्या विरोधात कधी वाटला नाही. त्यात राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाहीत. शीख आणि बौद्ध दलितांना त्या नंतर मिळाल्या. हा विषय काढला की वसईकर गप्प बसतात, हे मी पूर्वीही पाहिलंय.

त्या बंगल्याच्या पोस्टबद्दल मात्र गिरीजकरांशी सहमत. तो हिशोब खरा धरला तर दुष्काळात उपाशी राहिलेल्या माझ्या पणजीचा विश्वास कमी होता असं होईल. हे मी ऐकून घेणार नाही.

बावखल
सगळे पुरुष कुटुंब कुटुंब करताहेत म्हणून विचारते. वाडी विकली तेव्हा बहिणीला किती दिले?

वडील गेल्यावर महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, माहेरी गेले होते. जेवणं झाली, ताटं उचलली, आणि भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. आई समोर बसलेली. सही केली नसती तर माहेर तुटलं असतं. सहा वर्षांनी त्या जमिनीवर इमारत आली. मला दोन साड्या मिळाल्या.

हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क २००५ मध्ये मिळाला. मृत्युपत्र नसेल तर आपल्या ख्रिस्ती लोकांत १९२५ च्या वारसा कायद्यानेच मुलगा-मुलगी सारखे. कायदा कधीचा आहे, आणि आपण सही घेतो.

गिरीजकर
ताई, तुमचं दुःख मान्य, पण विषय वेगळा आहे. इथे आपण चंगळवादाबद्दल बोलतोय.

बावखल
विषय हाच आहे. लूकचा बारावा अध्याय काढा. माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, असं एकजण प्रभूला म्हणतो, आणि त्यावरूनच कोठारं मोठी करणाऱ्या श्रीमंताचा दाखला येतो.

आगाशीचा शेतकरी
त्याच ठिकाणी प्रभू म्हणतो, मला वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि बहिणींच्या लग्नात सोनं कोणी घातलं? कर्ज कोणी फेडलं? आईबापाला शेवटी कोण बघतं? हिस्सा मागायला सगळ्या येतात, उशाशी कोणी नसतं.

बावखल
माझ्या आईचे शेवटचे आठ महिने मी माझ्या सासरी काढले. चादरी मी बदलल्या. भाऊ रविवारी यायचा, फळं घेऊन. तुम्ही तुमच्या वडिलांचं केलंत, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण "सगळ्या" म्हणू नका. मार्कच्या सातव्यात "कुर्बान", म्हणजे हे देवाला वाहिलंय, असं म्हणून आईबापाच्या तोंडचं काढून घेणाऱ्यांबद्दल लिहिलंय. आमच्याकडे त्या शब्दाऐवजी "माहेर" म्हणतात, एवढाच फरक.

आगाशीचा शेतकरी
"सगळ्या" हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही. माझ्या बहिणीने स्वतःहून सही दिली.

नगरवाला
विचारलं होतं का तिला, की कागदच पुढे केला?

आगाशीचा शेतकरी
तुम्हाला आमच्या घरातलं काय माहीत? बास झालं.

गिरीजकर
रात्री कपाट उघडून आमच्या वाडीचे कागद पाहिले. दोन आत्यांच्या सह्या आहेत, १९८४ च्या. एकीचा अंगठा आहे. मी ज्या ओट्याचं एवढं वर्णन केलं त्यावर त्या दोघी लग्नापर्यंत रोज जपमाळेला बसायच्या. ताई, तुमचं बोलणं मला अजूनही कठोर वाटतं, पण खोटं म्हणता येत नाही. त्या बंगल्याच्या पोस्टबद्दलचं माझं मत तेच आहे.

थोरली आत्या गेली. धाकटी सांडोरला असते. रविवारी मिस्सानंतर तिच्याकडे जाऊन येतो.

बावखल
जा. कागद बरोबर घेऊन जा.