पायाळू बाळ : संमती देण्याआधी आईवडिलांना काय कळायला हवे?

धागाकर्ती :
माझा ३६वा आठवडा सुरू आहे, पहिलेच बाळंतपण आहे आणि बाळाचे डोके अजून वरच आहे, म्हणजे बाळ पायाळू आहे. डॉक्टरांनी सिझेरियन सुचवले. योनीमार्गे प्रसूतीबद्दल विचारल्यावर ‘धोका आहे’ एवढेच उत्तर मिळाले. धोका किती आणि कशामुळे, हे न सांगता घेतलेल्या संमतीला मी संमती मानत नाही. आपले मत काय?

प्रतिसाद १ :
आम्ही पतिपत्नींनी सिझेरियन निवडले आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पायाळू बाळाचा सर्वांत मोठा व कठीण भाग, म्हणजे डोके, शेवटी बाहेर येते; ते अडकले किंवा नाळ दाबली गेली, तर हाती मोजकीच मिनिटे उरतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, २६ देशांतील ‘टर्म ब्रीच ट्रायल’मध्ये बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांचे प्रमाण नियोजित सिझेरियनच्या गटात १.६ टक्के, तर योनीमार्गे प्रसूती ठरवलेल्या गटात ५ टक्के होते. एवढे कळल्यावर मला दुसरा विचार करवला नाही.

प्रतिसाद २ :
त्याच अभ्यासातील काही मुलांची दोन वर्षांच्या वयात पाहणी झाली (ती २००४ साली प्रसिद्ध झाली), तेव्हा मृत्यू व विकासातील विलंब एकत्र धरता दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता. फ्रान्स आणि बेल्जियममधील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर, जिथे निवड काटेकोर होती आणि हाताला सराव होता, तिथे आठ हजारांहून अधिक स्त्रियांमध्येही बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा यांत लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय ‘पायाळू’ या एकाच शब्दात आपण फार वेगळ्या स्थिती कोंबतो : कुल्ले खाली आणि पाय सरळ वर असलेले बाळ वेगळे, पाऊल पुढे करून येणारे वेगळे; दुसऱ्या स्थितीत नाळ बाळाआधी खाली निसटण्याची भीती बरीच जास्त. आणि सिझेरियनचा व्रण पुढच्या गरोदरपणातही सोबत असतो; वार (प्लासेंटा) गर्भाशयावरच्या त्या व्रणात रुतून बसण्याचा धोका प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वाढतो, हे पहिलटकरणीला सांगायलाच हवे.

प्रतिसाद १ :
व्रणाचा मुद्दा मला मान्य आहे. पण ‘सराव असलेला हात’ आपल्या कळांच्या रात्री तिथे असेलच, याची खात्री आईवडिलांनी कशी करून घ्यायची? ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ साली बाळाच्या मृत्यूचा धोका असा मांडला : ३९ आठवड्यांनंतरच्या नियोजित सिझेरियनमध्ये दर हजारी सुमारे ०.५, नियोजित पायाळू प्रसूतीत सुमारे २ आणि डोके खाली असलेल्या नियोजित प्रसूतीत सुमारे १. हा फरक लहान आहे खरा. तरीही, टाळता येणारा धोका मी पत्करणार नाही.

प्रतिसाद ३ :
बाळ पोटावरून हाताने फिरवण्याचा प्रयत्न दोघांनीही वगळला, याचे मला वाईट वाटते. पहिलटकरणीत तो ३६व्या आठवड्यापासून करता येतो. एकंदर निम्म्या वेळा साधतो, पहिल्या खेपेस थोडा कमी. आधी सोनोग्राफीने वारेची जागा आणि गर्भजल पाहतात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात, आणि क्वचित तातडीच्या सिझेरियनची वेळ येऊ शकते म्हणून तो रुग्णालयातच करतात. आपल्याकडे आत्ता हे दिवस आहेत; ते हातचे जाऊ देऊ नका.

धागाकर्ती :
बाळ फिरवण्याबद्दल मला कोणीच सांगितले नव्हते. उद्या तीन प्रश्न लिहून नेते : बाळ नेमके कसे बसले आहे, फिरवून पाहता येईल का, आणि येथे पायाळू प्रसूती नियमितपणे कोण करते. तिसऱ्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले आणि बाळ फिरले नाही, तर मीही सिझेरियनलाच संमती देईन.