ग्रानाडाला पंप नव्हताच

नेहमी विचारतात ना की स्पेनमधल्या ग्रानाडा शहरातला अल्हाम्ब्रा राजवाडा एवढ्या उंच टेकडीवर आणि पंपाचा पत्ता नाही मग पाणी चढवलं कसं, तर चढवलं नाहीच, उतरवलं! दारो नदी वरच्या अंगाला साधारण ६ किमीवर अडवली आणि तिथून डोंगराच्या कडेकडेने अगदी बेताचा उतार देत पाट आणला, त्यामुळे नदी खाली दरीत राहिली नि पाट राजवाड्याच्या वर निघाला. तेराव्या शतकातलं काम आहे हे.

हाच पाट शेजारच्या हेनेरालिफेच्या (राजांचा बागेतला उन्हाळी वाडा) अंगणातून मधोमध जातो, म्हणजे शोभा पण तीच आणि झाडांना पाणी पण तेच. फोटोत सगळे दाखवतात ती कमानीसारखी उडणारी कारंजी मात्र नंतरची, १९व्या शतकातली. खरं सांगू का, मला ती खटकतातच, पाणी शांत वाहताना जास्त शोभलं असतं. १९५८ ला तिथे आग लागली, मग खोदकाम झालं तेव्हा कळलं की मूळ वाफे आतापेक्षा बरेच खाली होते.

आणि गेलात तर हेनेरालिफेच्या बागेतला वरचा पाण्याचा जिना अजिबात चुकवू नका!! दोन्ही बाजूच्या कठड्यांच्या माथ्यावर पन्हळ केलीय आणि त्यातून पाणी खळाळत खाली येतं, चढता चढता हात बुडवत जायचं. अल्हाम्ब्रातल्या सिंहांच्या चौकात अजून एक बघा, चार बारीक पाटांपैकी दोन बाजूच्या दालनांच्या आतूनच सुरू होतात आणि दोन चौकाच्या टोकांच्या मंडपांतून, फरशीतल्या छोट्या कारंज्यांपासून, आणि मधल्या १२ दगडी सिंहांकडे येतात.