उत्तर: आतला पॅड संपला, बाहेरचा निम्मा शिल्लक

नमस्कार मंडळी,
सध्या साताऱ्यात घरीच आहे. बाबांच्या एसयूव्हीचे पुढचे ब्रेक पॅड बदलतोय. डावीकडचा आतला पॅड पार पत्र्याला टेकलाय, बाहेरचा ५ मिमी शिल्लक. नवे पॅड ठेवले की कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा) वरून बसतच नाही. रविवारी सगळ्यांना घेऊन कासला जायचंय.

> कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन आत ढकलायला हवा. जुना पॅड पिस्टनवर आडवा धर, सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून सावकाश आवळ. ब्रेक ऑईलच्या टाकीवर लक्ष ठेव, पातळी वर चढते. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मार. आणि नुसत्या जॅकवर काम नको, स्टँड लाव.

>> दादा, खालचं काळं ऑईल उलटं एबीएसमध्ये (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) कशाला ढकलायचं? ब्लीडर निप्पल (कॅलिपरवरचा ऑईल बाहेर सोडायचा स्क्रू) पाव आटा सैल करा, नळी बाटलीत सोडा, मग क्लॅम्प आवळा.

>>> आणि हवा शिरली तर? क्लॅम्प सोडायच्या आधी निप्पल बंद झालाच पाहिजे. ऑईल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर सगळंच बदला. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑईल नवं असताना २३० अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शोषलं की १५५. कासच्या वाटेवर यवतेश्वरच्या उतारावर ऑईल उकळलं तर पेडल थेट तळाला जातं.

मंडळी, ऑईलची चर्चा वेगळ्या विषयाखाली घ्या, नंतर शोधताना सापडत नाही. – लिस्ट व्यवस्थापक

> मूळ दुखणं राहूनच गेलं. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो, मग कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिन रुतली की सगळा भार आतल्यावर. दोन्ही पिना काढ, ब्रेक क्लीनरने पूस, सिलिकॉन ग्रीस लाव. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिन दोन बोटांनी सरकली पाहिजे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तीही मोज.

खालची पिन हलतच नव्हती. ठोकून काढली. गंजाने खड्डे पडलेत, बूट (पिनेवरचं रबरी आवरण) फाटलाय.

> मग पिन आणि बूट दोन्ही नवे आण, घासून चालवू नकोस. पॅड दोन्ही चाकांचे बदल. चाकं लावल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, त्याआधी गाडी जागची हलवायची नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळू ब्रेक लाव, मध्ये गार होऊ दे. एवढं शनिवारपर्यंत झालं नाही, तर कासला दुसरी गाडी न्या.