अनुभव धागा: ‘मॉडेल’ म्हणून उभं राहताना (सांगली-सातारा)

१९९६ सालची दिवाळी. सांगलीच्या कापडपेठेतल्या एका साडीच्या दुकानानं गिऱ्हाइकांना वाटायला पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढलं. त्यात जुलै-ऑगस्टच्या पानावर मी होते. हिरवी इरकल, हातात पूजेचं ताट, मागं हरिपूरचा घाट. मोबदला म्हणून तीच साडी. बाबांनी कॅलेंडर भिंतीला लावलं खरं, पण मे-जूनचं पान सप्टेंबर उजाडेपर्यंत उलटलं नाही. त्या दोन महिन्यांचा दुधाचा हिशेब आईनं वहीत लिहिला.

त्यांचंही काय चुकलं म्हणा. १९९५ मध्ये मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांची ती बुटांची जाहिरात आली होती, अंगावर फक्त बूट आणि भोवती अजगर. अश्लीलतेचा खटला चालला थेट २००९ पर्यंत, मग निर्दोष सुटले. १९९२ च्या मिस युनिव्हर्समध्ये तिसरी आलेली मराठी मुलगी, पण आमच्या वाड्यात तिचं नाव फक्त ‘ती अजगरवाली’. लीला चिटणीस १९४१ सालीच लक्सच्या जाहिरातीत झळकल्या होत्या, आणि आमची आजी ते कौतुकानं सांगायची. पण त्या सिनेमातल्या. फोटो काढून घेणं हेच जिचं काम, ती कोण?

आता विश्रामबागेत माझं बुटीक आहे आणि आया मुलींना घेऊन येतात, ‘हिचं काहीतरी बघा की मॅडम’ म्हणत. कॅमेऱ्यापुढं उभं राहिलेल्या सगळ्यांनी लिहा. रेट लिहिलात तर फारच बरं. दुकानांची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

ठुशी
मी दागिन्यांची मॉडेल. गळा, कान, हात माझे, चेहरा बहुतेक वेळा कापलेला. त्यामुळं सासरी अडचण आली नाही, हे आधीच सांगते.

लोकांना वाटतं, मजा आहे, सोनं अंगावर घालायला मिळतं. प्रत्येक नग चढवायच्या आधी काट्यावर, उतरला की परत काट्यावर. वहीत ग्रॅम, मिली (म्हणजे मिलिग्रॅम) सगळं लिहितात. वजन जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. एकदा रात्री साडेनऊला तीनशे मिली कमी भरले. शटर अर्धं खाली. मी आपणहून पर्स उलटी केली, पदर झटकला. कुणी एक शब्द बोललं नाही, उलट चहा मागवला. तो चहा काही घशाखाली उतरेना. शेवटी मेकअपवाल्या ताईंनी माझा अंबाडा सोडला, तर गजऱ्यात झुब्याची फिरकी! तेव्हापासून फिरक्या मीच मोजून घेते, मोठ्यानं.

दुसरं म्हणजे हात. शूटच्या आधी चार दिवस हळद, कांदा-लसूण चटणी बंद. सांगलीत राहून हे पाळून दाखवा. हाफ डेचे पंधराशे मिळतात.

कोरेगावचा नवरदेव
ताई, पुरुषांचं कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. शेरवानी, फेटा, बस्त्याच्या दुकानांचे फ्लेक्स. या धंद्यात पोरींना आमच्यापेक्षा जास्त मिळतात, आणि ते बरोबरच आहे, फोटोत सगळे शालूच बघतात. मी म्हणजे शालूच्या शेजारचा खांब. शेरवानी कधीच मापाची नसते. समोरून राजबिंडा, मागं पाठीवर सहा क्लिपा. क्लिपा संपल्या की धुण्याचे चिमटे.

साताऱ्यात पोवई नाक्यावर माझा वीस फुटी फ्लेक्स लागला होता. सीझन संपल्यावर कोण घेऊन गेलं माहीत नाही. दोन वर्षांनी पाहुण्यांकडं मुलगी बघायला गेलो, तर त्यांच्या मळ्यात वैरणीच्या गंजीवर मीच पसरलेलो. फेटा वर, नाकावर दगड. मुलीच्या आण्णांनी विचारलं, ‘पाव्हणं, ह्यो तुम्हीच काय?’ लग्न जमलं नाही. कारण वेगळं होतं, पण घरचे आजही गंजीलाच बोल लावतात.

अंधेरी रिटर्न
मी साताऱ्याची. उंची पाच फूट नऊ इंच, इथं बसमध्येसुद्धा लोक वळून बघायचे. डोंबिवलीची उज्ज्वला राऊत पॅरिसच्या रॅम्पपर्यंत गेली, मग आपण का नाही, या हिशेबानं अंधेरी गाठली. वन बीएचकेत पाच जणी. चार वर्षांत रॅम्पवर चालले सात वेळा. पोट भरलं ते फिटिंगवर. म्हणजे डिझायनरचे कपडे अंगावर अर्धवट शिवून घ्यायचे, तीन-तीन तास हात पसरून उभं राहायचं, आणि शोच्या दिवशी ते घालून दुसरीच चालणार. टाचण्या लागतात तेव्हा हलायचं नाही, कापडावर रक्ताचा डाग पडला तर झालंच.

पैसे नव्वद दिवसांनी. त्यातून एजन्सीचे वीस टक्के गेले, टीडीएस गेला. एका एजन्सीनं माझे दोन शोचे पैसे आजतागायत दिलेले नाहीत. रंगावरून ‘एक्झॉटिक’ म्हणायचे. परदेशी डिझायनर आला तर एक्झॉटिक, लग्नाचा लेहेंगा असला की ‘जरा फेअर मुलगी हवी’. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलची तब्येत ठीक असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आमचा डॉक्टर म्हणजे टेप. कंबर एक इंच वाढली की फोन बंद. पाळी सहा महिने गेली तेव्हा आई येऊन घेऊन गेली. आता साताऱ्यात पोरींना चालायला शिकवते आणि पहिल्या दिवशी डबा आणायला लावते.

मिरजेची आई
आमच्या मुलीला हॉटेलात ‘सिलेक्शन’ झालं म्हणून सांगितलं आणि पोर्टफोलिओचे पस्तीस हजार घेतले. अल्बम मिळाला, काम नाही. काम देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढंच लिहायचं होतं.

कृष्णाकाठ
फॅशनमधलं नाही, पण मॉडेलच. आमचे आबा म्हातारपणी चित्रकलेच्या कॉलेजात बसायचे. पटका, झुपकेदार मिशा. वीस मिनिटं स्थिर, मग विश्रांती, परत त्याच जागी. जागा चुकू नये म्हणून पोरं पावलांभोवती खडूची रेघ मारायची. गावात कुणी विचारलं की म्हणायचे, ‘कॉलेजात नोकरीला हाय.’ पैसे तासावर, त्याच दिवशी, रोख. अंधेरीपेक्षा बरंच म्हणायचं.

निऱ्यावाली
मी कॅटलॉगची. दिवसाला तीस साड्या, एकच ताणणारा ब्लाऊज, कोऱ्या साड्या बिनफॉलच्या. घडी मोडली तर ओरडा, लिपस्टिक लागली तर साडी गळ्यात. फुल डेचे अडीच हजार. गेल्या दिवाळीपासून बोलावणं बंद. आता स्टँडला साडी लावून फोटो काढतात आणि एआयच्या ॲपमध्ये टाकतात, गोरीपान पोरगी नेसून तयार. निऱ्या कधी सात, कधी अकरा, पण गिऱ्हाईक कुठं मोजतंय.

परवा अशाच एका ‘पोरगी’च्या दंडावर गोल वण दिसला. लसीचा. माझाच! चेहरा बदललाय, दंड विसरले. दुकानात जाऊन विचारलं तर मालक म्हणाले, ‘अगं, तू त्या दिवशी आलीस कुठं? मग पैसे कसले?’ एच अँड एम या परदेशी कपड्यांच्या कंपनीनं २०२५ मध्ये तीस मॉडेलचे डिजिटल जुळे करायचं जाहीर केलं, पण हक्क मॉडेलचेच राहतील असं सांगून. माझ्याकडं तर कागदच नाही. सगळं व्हॉट्सॲपवर, ‘उद्या ९ वाजता ये’.

धागाकर्ती
निऱ्यावाली, तुझं वाचून मान खाली गेली. ॲप नाही वापरलं, पण एकाच शूटचे फोटो मी तीन सीझन चालवलेत, आणि त्या मुलीला दुसऱ्या-तिसऱ्या वेळचं काही दिलं नाही. वर दिवाळीला साडी दिली म्हणून स्वतःवर खूश होते. बाबांना नावं ठेवत बसले मी, पण फुकट साडीवर राबवायचं कुठून शिकले ते वर लिहिलंच आहे. त्या मुलीला आज फोन केला, हिशेब लावतेय.

शुक्रवारी ये. पंधरा नऊवाऱ्या आहेत, अडीच नाही, चार हजार. फोटो कुठं आणि किती महिने वापरायचे ते कागदावर लिहू, ॲपमध्ये टाकायचे नाहीत हेही. ब्लाऊजचं माप आजच कळव, मास्तर गुरुवारी जत्रेला गावी जाणार आहेत.